तांब्याभर पाणी

मी एक जुना निवडुंग आहे. जुना, पण तुमच्या ओंजळीत मावेन एवढाच. आमच्या जातीत वाढायची घाई नसते. माझा जन्म दूर राजस्थानातल्या एका बागेत झाला. तिथे सगळी वाळवंटातलीच झाडं होती. पाऊस वर्षातून चार दिवस आला तरी आम्ही तृप्त असायचो.

सव्वा वर्षापूर्वी, डिसेंबरात, अलिबागजवळच्या चौलचा केतन बायकोपोरीला गाडीतून फिरवत त्या बागेत आला. एरवी तो न्हावा शेवा बंदरातून कंटेनरचा ट्रक घेऊन त्या वाटेने जायचा. त्याची अकरा वर्षांची नेत्रा माझ्यासमोर उकिडवी बसली, ती उठेचना.

"अगं, काट्यांशी काय बोलतेस?" तिची आई कल्पिता हसून म्हणाली.

"काटे नाहीत गं, स्वेटर आहे त्याचं!"

शेवटी केतनने मला विकत घेतलं. बागेतल्या म्हाताऱ्या माळ्याने नेत्राला बजावलं, "महिने में एक कटोरी पानी, बेटी. बारिश में वो भी नहीं." तिने मान डोलावली आणि सबंध प्रवासात मला मांडीवर धरून आणलं.

चौलला त्यांची सुपारीची वाडी आहे. आजी सोनूबाई वाडी शिंपायची म्हणून प्रवासाला आली नव्हती. रोज सकाळी पंप सुरू करायचा, पाटाचं पाणी आळ्याआळ्यात फिरवायचं, आणि मगच चहा. झाडावरची माया दाखवायची तिला हीच एक रीत ठाऊक होती.

"काय गो, झाडाला उपास घातलास?" ती नेत्राला चिडवायची. नेत्रा मात्र महिन्याला मोजून एक वाटी द्यायची, आणि पावसाळाभर तिने मला आत पडवीत ठेवलं. या फेब्रुवारीत माझ्या माथ्यावर पहिली कळी आली. मित्रांनो, मी तिची तेरा वर्षं वाट पाहिली होती.

त्याच आठवड्यात नेत्रा तापाने फणफणली. तिला अलिबागला दवाखान्यात ठेवलं. कल्पिताही तिथेच राहिली. केतनच्या ट्रकच्या खेपा चालू होत्या. घरात सोनूबाई एकटी. पहिल्याच सकाळी ती तांब्या घेऊन माझ्याकडे आली.

"तू हिरवा ऱ्हा रे बाबा," ती म्हणाली. "तू हिरवा हायस तवर माझी पोर बरी हाय."

आणि तिने अख्खा तांब्या माझ्यावर रिता केला. दुसऱ्या दिवशीही. एकोणीस दिवस. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. माझी मुळं चिखलात गुदमरली, मग कुजली. कळी काळी पडून गळाली. वरून मात्र मी हिरवागार होतो. सोनूबाई बघायची आणि हात जोडायची.

नेत्रा बरी होऊन आली, काडीसारखी. आली ती आधी माझ्याकडे.

"बघ, येक दिस चुकवला न्हाय," सोनूबाई म्हणाली. "याला पानी घातलं, तर तू उठून बसलीस. व्हय का न्हाय?"

नेत्राने माझ्या बुंध्याला बोट लावलं. बोट आत गेलं. तिने आजीकडे पाहिलं. एकोणीस दिवसांत आजीही निम्मी झाली होती. नेत्राने बोट हळूच फ्रॉकला पुसलं.

"केवढं टवटवीत ठेवलंस गो, आज्जी," ती म्हणाली, आणि विहिरीमागे जाऊन रडली.

माझा शेंडा अजून घट्ट होता. तो कापून कोरड्या वाळूत ठेवला असता तर मी कदाचित जगलोही असतो. पण त्यासाठी आजीला खरं सांगावं लागलं असतं.

मित्रांनो, कुणाला काही भरभरून देण्याआधी त्याला काय सोसतं ते विचारा. तो बोलू शकत नसेल, तर निदान त्याच्या मातीत बोट घालून बघा. ती ओली असेल, तर तुमचा तांब्या राहू द्या.

मला राग नाही. राग कुणावर धरू? पंप आत्ताच थांबला. सुपारी शिंपून झाली. सोनूबाई तांब्या घेऊन इकडेच येते आहे, हसत. नेत्रा दारात उभी आहे, ती बाजूला सरून आजीला वाट करून देते.

जमेल तितके दिवस मी वरून हिरवा राहीन.