चौथ्या माणसाविषयीची ओळ

“सदरचे प्रतिज्ञापत्र मला माझ्या भाषेत वाचून व समजावून दिले असून ते माझ्या सांगण्याप्रमाणे खरे व बरोबर आहे.”

हे वाक्य प्रतिज्ञापत्र करणाऱ्याचे असते, असे कायदा मानतो. वस्तुस्थिती अशी की, तो माणूस बाकड्यावर येऊन टेकण्यापूर्वीच ते टंकलेखकाच्या संगणकात तयार असते. ‘मला’ म्हणजे कोणाला, हे मागाहून ठरते. ‘माझी भाषा’ कोणती, हे कोणी विचारत नाही. आणि ‘वाचून’ हा शब्द तर निव्वळ आशावाद आहे. सोलापुरात कोर्टाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दाक्षायणीने एकोणीस वर्षांत हे वाक्य काही हजार लोकांच्या तोंडी घातले होते. बहुतेकांनी त्याखाली अंगठा उमटवला, बोटाची शाई केसांना पुसली आणि एसटी गाठली.

आता ते वाक्य तिच्या एलएल.एम.च्या प्रबंधात होते आणि तिचे मार्गदर्शक उदयसिंह सर, तिने स्वतः टंकलेल्या एका प्रतिज्ञापत्राविषयीच्या शेवटच्या परिशिष्टावर पेन्सिल टेकवून बसले होते.

“मॅडम, प्रबंध एक नंबर झालाय. पण हे परिशिष्ट काढा.”

“ते काढलं तर बाकी सगळं ऐकीव राहतं, सर.”

“मग नाव काढा. ‘एका टंकलेखकाकडून’ असं लिहा. ‘एका’मध्ये कुणीही मावतं.” सरांनी ड्रॉवरमधून एक पत्र काढून तिच्यापुढे सरकवले. “हेगच्या दुभाषी कोर्ससाठीची शिफारस. सही तेवढी राहिलीय. तिथली कमिटी पहिलं काय विचारेल? सोलापुरात खोटं अ‍ॅफिडेव्हिट करणारी बाई आमच्याकडं काय शिकणार? शुक्रवारपर्यंत विचार करा.”

सर वाईट नव्हते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायावर पंधरा वर्षे शिकवूनही ते भले राहिले होते, कारण तो विषय नेहमी दुसऱ्या देशात घडत असे.

दाक्षायणी बेचाळीस वर्षांची होती. गिऱ्हाईक नसले की ती कानात इअरफोन घालून मोबाइलवर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांतल्या सुनावण्या पाही. तिचे लक्ष न्यायाधीशांकडे नसे. कडेला काचेची एक खोली असे; तीत दुभाषी बसत आणि साक्षीदाराचे वाक्य जसे येई तसे, अडखळण्यासकट, पलीकडे पोचवत. त्या काचेआड बसण्याची तिला भूक होती. घरी मैंदर्गीची कन्नड, बाजारात देशी मराठी, कागदावर कोर्टाची मराठी: तीन भाषा तिच्या तोंडात होत्या, आणि त्यांचा एवढा नेमका उपयोग करणारी जागा पृथ्वीवर आहे हे कळल्यापासून शेडमधली खुर्ची तिला टोचू लागली होती.

गेल्या पावसाळ्यात ती ‘वरिष्ठाची जबाबदारी’ हे प्रकरण वाचत होती. ज्याने स्वतः हात उचलला नाही, पण ज्याच्या इशाऱ्यावर इतरांचे हात उठले, त्यालाही शासन होते, असे त्यात लिहिले होते. त्या इंग्रजी पानावर तिला एका धनगर बाईचा कन्नड आवाज ऐकू आला. जुन्या संगणकातून तिने त्या बाईच्या, निंगव्वाच्या, प्रतिज्ञापत्राची अकरा वर्षांपूर्वीची प्रत काढली. निंगव्वाचा मुलगा मल्हार मेंढरे शेतात शिरली म्हणून मारला गेला होता. मारणारे तीन गडी आणि शेताचा मालक, असे चार आरोपी होते. तिघांना शिक्षा झाली. चौथ्याचे, म्हणजे मालकाचे, नाव वगळले गेले. आईच्या प्रतिज्ञापत्रात त्याच्याविषयी एवढेच होते: ‘चौथा इसम तेथे उभा होता. त्याने मारहाण केली नाही.’

सरांशी हे बोलणे झाल्यावर रविवारी ती निंगव्वाकडे मैंदर्गीला गेली.

निंगव्वा मेंढरांना कोंडायच्या वाघुराच्या जाळ्याला गाठी मारत बसली होती. तिने कन्नडमध्येच विचारले, “कोण गं यव्वा? मतं मागाय आलीस व्हय?”

“मी टायपिंगवाली, अव्वा. कोर्टाजवळची. तुमचा कागद मी केला होता.”

“आत्ता गं. लई सुटलीस की. तवा काठीवानी हुतीस.”

“त्या दिवशी मला काय सांगितलं होतंत, परत सांगाल?”

म्हातारीने गाठ ओढली. “त्येनं हात न्हाय उचलला. पर दरेक काठी पडायच्या आदुगर तिगं त्येच्या तोंडाकडं बगत हुते. त्यो मान हलवायचा, मग काठी पडायची.”

तीच वाक्ये, त्याच क्रमाने. काळानुसार साक्षीदाराची स्मृती झिजते, असे दाक्षायणीच्या प्रबंधात सहा तळटीपांसह सिद्ध केलेले होते.

“जज्जसायबानं ह्ये वाचलं, तरी त्येला सोडलं,” निंगव्वा म्हणाली. “मोटी मान्सं. मी म्हनलं, माजंच सांगनं कमी पडलं आसंल. नीट बोलाय आलं आसतं तर पोराचं काम झालं आसतं.”

“साहेबांनी वाचलं नाही, अव्वा. मी ते लिहिलंच नव्हतं.”

निंगव्वाचे हात थांबले. एक मेंढी तिच्या पदराला तोंड लावत होती. तिने तिला हाकलले नाही. निंगव्वाने विचारले, “म्हंजी माजं सांगनं बराबर हुतं?”

“बरोबर होतं.”

“आन् कागदात जागा न्हवती व्हय?”

ज्याचे नुकसान झाले त्यानेच आरोपीला सबब पुरवावी, अशी तरतूद कोणत्याही संहितेत नाही. दाक्षायणीने होकारार्थी मान हलवली.

“मग काय करशील तू तरी,” निंगव्वा म्हणाली. “च्या घे.”

चहा पिऊन ती परतली. सोमवारी शेड उघडल्यावर तिने पहिल्या गिऱ्हाइकाला थांबवले आणि आपला स्वतःचा कागद टंकायला घेतला. एक प्रत निंगव्वाच्या वकिलाकडे गेली, एक प्रबंधाला जोडली. जुने परिशिष्ट तिने काढून टाकले, त्यात वाक्य का गाळले याचे कारण लिहिलेले नव्हते. सरांनी नवे पान दोनदा वाचले आणि शिफारसपत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवले. शुक्रवारी हेगची मुदत संपली, तेव्हा ती कोणाचातरी उत्पन्नाचा दाखला टंकत होती.

सोमवारच्या कागदावरचा मजकूर असा होता:

“मी, दाक्षायणी सिद्धाप्पा बिराजदार, वय ४२, धंदा टंकलेखन, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, निंगव्वाचे वाक्य मी ऐकले होते. कन्नड माझी मायबोली आहे. ते मला पूर्ण समजले होते. कागदावर सहा ओळींची जागा शिल्लक होती. त्या दिवशी दुपारी दोन वाजता माझा कायद्याचा पेपर होता आणि मला उशीर होत होता.”