सातशे ग्रॅम

गोदामात कडधान्याची पाकिटं भरणाऱ्या बायकांमध्ये गोटीच्या आईचा हात सगळ्यात पक्का समजला जाई. अर्ध्या किलोचं पाकीट ती अंदाजाने भरायची आणि काट्यावर ठेवलं की आकडा पाचशेवर येऊन थांबायचा. त्या सकाळी मात्र तिची सात पाकिटं परत आली. एरवी मुकादमाने तिची टर उडवली असती, पण आज त्याने ती मुकाट्याने पुन्हा भरायला ठेवली. आज संध्याकाळी पाच वाजता गोटीचं वजन आहे, हे सगळ्या गोदामाला ठाऊक होतं.

गोटी ही तिची एकुलती एक लेक. लहानपणी गरगरीत होती म्हणून पडलेलं नाव चोविसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. ही गोटी आता जाळीच्या पिंजऱ्यात उतरून ठोसे, लाथा आणि कुस्तीची पकड अशा तिन्ही अंगांनी लढणारी मिक्स्ड मार्शल आर्ट्सची व्यावसायिक खेळाडू होती. सात वर्षांत अकरा लढती, त्यांतल्या नऊ जिंकलेल्या. उद्याची जिंकली की अजिंक्यपदाच्या लढतीत तिची जागा पक्की होणार होती.

सात वर्षांपूर्वी गोटीने हे खूळ डोक्यात घेतलं, तेव्हा तिचा मामा तावातावाने घरी आला होता. "उद्या पोरीचं नाक मोडलं तर तिच्याशी लग्न कोण करणार?" असं त्याने विचारलं. "नाक तिचं आहे, तिला विचार," असं आईने सांगितलं आणि भावाला चहा न विचारताच वाटेला लावलं. गोटीचा बाप मालवाहू बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. तेव्हा सगळ्या नातेवाइकांना आई एकटीच पुरून उरली होती. मुलीने मारामारी करू नये, हा रिवाज तिने मोडला होता आणि त्याचा तिला रास्त अभिमान होता. एक रिवाज मोडून आपण दुसऱ्याच्या दावणीला जाऊन बांधले गेलो आहोत, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

हा दुसरा रिवाज पिंजऱ्याच्या धंद्यातला. बावन्न किलोच्या गटात लढणारी मुलगी खरोखर बावन्न किलोची क्वचितच असते. ती असते अठ्ठावन्न-एकोणसाठची. लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं, तेवढ्या घटकेपुरती ती बावन्नची होते. आठवडाभर खाणं तोडायचं आणि शेवटच्या दिवशी अंगातलं पाणी काढायचं. काट्यावरून उतरली की पाणी, सलाइन, जेवण यांवर तुटून पडायचं आणि दुसऱ्या दिवशी चार किलो भरून पिंजऱ्यात उतरायचं, म्हणजे समोरची हलकी पडते. पण समोरचीही हेच करून आलेली असते. दोघी सारख्याच वाळतात आणि सारख्याच फुगतात. मग यात साधलं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. जो विचारील तो कच्चा ठरतो.

त्यातही गोटीच्या कोचने स्वतःची एक पद्धत बसवली होती. शेवटच्या दिवशी खेळाडूचं पाणी तिच्या आईने सांभाळायचं. "आमच्या नजरेआड पोरी नळाला तोंड लावतात, ताई," तो म्हणे. "पण आईला फसवत नाहीत." म्हणून त्या दिवशी न्हाणीघरातला टब आणि बादल्या भरून झाल्या की घरातल्या पाण्याचा मुख्य कॉक बंद व्हायचा, भरलेल्या बाटल्या कपाटात जायच्या आणि कपाटाची किल्ली दोऱ्यात ओवून आईच्या गळ्यात पडायची. अकरा लढतींत अकरा वेळा तिने ती किल्ली गळ्यात घातली होती. कोच चार लोकांत तिचं कौतुक करी आणि लढतीच्या वेळी तिला पहिल्या रांगेत बसवी. तिलाही ते आवडे, खोटं कशाला सांगा.

साडेअकराला ती घरी आली तेव्हा गोटी काट्यावर उभी होती. काटा चोपन्न किलो शंभर ग्रॅम दाखवत होता. कोच भिंतीला टेकून आकडे वहीत लिहीत होता.

"दोन किलो शंभर. काही नाही, होऊन जाईल," तो म्हणाला.

न्हाणीघरात गरम पाण्याचा टब तयार होता. वीस मिनिटं टबात, मग प्लॅस्टिकचा अंगभर सूट, वर लोकरीची दोन पांघरुणं आणि पंधरा मिनिटं पडून राहायचं. ही झाली एक फेरी. टबातून निघताना गोटी म्हणाली, "आई, तुझ्या गोदामातले हरभरे भिजून फुगतात. मी भिजून आटतेय. माझा मालच खराब आहे." आई हसली. पहिल्या फेरीपर्यंत घरात हसू शिल्लक होतं.

दुसऱ्या फेरीत गोटीने विनोद केला नाही. तिसरीत तिने पाणी मागितलं.

"एक घोट. गिळणार नाही, नुसती चूळ भरते."

आईने कोचकडे पाहिलं. कोचने मान हलवली. "बर्फाचा खडा चालेल. चोखून थुंकायचा."

आईने खडा दिला आणि लेकीने तो थुंकला की नाही, हे तोंडाशी भांडं धरून पाहिलं. लहानपणी औषध गिळलं की नाही हे पाहायला ती असंच तोंड उघडायला लावत असे. तेव्हा पोरीच्या पोटात काहीतरी जावं म्हणून पाहत होती.

दीड वाजता फोन वाजला. मामा होता.

"काय गं, उद्या किती वाजता? ऑफिसातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझी भाची आहे म्हणून. पोरीला म्हणावं, मामाचं नाव राख."

"दादा, तिला बरं वाटत नाहीये," आई हळूच म्हणाली.

"अगं, आता माघार नको. तू त्या वेळी एवढी भांडलीस आमच्याशी. लोक हसतील तुला."

तिने फोन ठेवला. भावाने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. आज तिने हात आखडता घेतला असता, तर सात वर्षं टपून बसलेली सगळी तोंडं एकदम उघडली असती. बघा, बायकांचं काम नव्हेच ते, आईच शेवटी घाबरली. या एका भीतीपायी ती लेकीच्या तोंडाशी भांडं धरून उभी होती.

अडीच वाजता काट्याने बावन्न किलो सातशे ग्रॅम दाखवले.

"सातशे ग्रॅम. दोन फेऱ्या," कोच म्हणाला.

गोटी पुन्हा सुटात शिरली. पंधरा मिनिटांनी आईने पांघरूण बाजूला केलं तेव्हा सुटाच्या आत घाम नव्हता. अंग तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. तिने लेकीच्या मनगटाची कातडी चिमटीत धरून सोडली. सुरकुती उठली ती तशीच राहिली.

"सर, हिला घाम येत नाहीये."

"शेवटी शेवटी होतं असं. पाणी अजून गरम करू."

गोटीने डोळे उघडले. "आई, गोदामातून कधी आलीस तू?"

"साडेअकराला आले ना, बाळा. तेव्हापासून इथेच आहे मी."

"हो का," गोटी म्हणाली. क्षणभराने तिने पुन्हा तेच विचारलं. "कधी आलीस?"

आईने वळून पाहिलं. कोच टबात गरम पाण्याची बादली ओतत होता.

"उठ गोटी, शेवटची चढण आहे. उठ."

तिने उठायचा प्रयत्न केला. गुडघे दुमडले आणि ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली. मग रडायला लागली. ओठ वाकडे झाले, खांदे हलले, घशातून हुंदका निघाला. आईने डोळे पुसायला पदर पुढे केला. गाल कोरडे होते. लेक रडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

आईने गळ्यातली किल्ली काढली.

"ताई, काय करताय?" कोच मध्ये आला. "सातशे ग्रॅमसाठी सात वर्षं मातीत घालणार?"

"रोज पाकिटं भरते मी, सर. सातशे ग्रॅम म्हणजे जवळपास दीड पाकीट. ते आता हिच्यात नाही, बघा तुम्ही. कुठून काढणार?"

"समोरची मुलगी यापेक्षा वाईट हालत होऊन येते."

"मग तिच्या आईलाही कुणीतरी सांगायला हवं. व्हा बाजूला."

तिने कपाट उघडलं, पेल्यात पाणी ओतलं, चिमूटभर मीठ आणि साखर टाकली. पण खरा विरोध पुढेच होता. गोटीने दात आवळले. "नको. होईल माझं. मामा म्हणेल..." पुढचं तिला सुचेना.

"ऐक," आई तिच्यासमोर फरशीवर बसली. "लढू नको असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. सत्तावन्नच्या गटात लढ, जड मुलींशी लढ, हरलीस तरी लढ. पण तुला तहानेने मारून जिंकवायचं काम माझ्याकडून होणार नाही. तोंड उघड."

गोटीने उघडलं नाही. आईने चमचा ओठांना लावला आणि थांबली. एक मिनिट गेलं असेल. मग ओठ सुटले.

कोचने वही मिटली आणि तो निघून गेला.

पावणेचारला गोटी जवळच्या दवाखान्यात होती आणि तिच्या हाताला सलाइन लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी लघवीचा रंग पाहिला, नाडी पुन्हा पुन्हा मोजली आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," आई म्हणाली.

गोटीने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. थोड्या वेळाने तशीच म्हणाली, "न कळवता गैरहजर राहिलं तर वर्षाची बंदी येते. जाऊन सांग. आणि नंतर माझ्याशी बोलू नकोस."

आई गेली. वजनाच्या सभागृहात दिवे होते, कॅमेरे होते. मंचावर काटा ठेवला होता आणि गोटीची प्रतिस्पर्धी मुलगी त्याकडे चालत येत होती. खरं तर तिला चालवत आणत होते. एका बाजूने तिची आई होती. त्या आईच्या गळ्यातही किल्लीचा दोरा होता. पद्धत एकट्या गोटीच्या कोचची नव्हती तर. काट्यावर मुलीला टॉवेलाच्या आडून धरून उभं केलं, आकडा पुकारला गेला आणि टाळ्या पडल्या.

नोंदीच्या टेबलाशी बसलेल्या कारकुनाने गोटीचं नाव काढलं. "माघार. कारण? वैयक्तिक लिहितो."

"वैयक्तिक नाही, साहेब. लिहा, आईने पाणी दिलं."

"असं नाही लिहिता येत, बाई."

"का? खरं आहे ते. तिला घाम यायचा थांबला होता, रडताना डोळ्यांत पाणी नव्हतं. अकरा वेळा मी तिचं पाणी कोंडलं, त्याची नोंद कुठे नाही. बाराव्या वेळी दिलं, त्याची तरी होऊ द्या."

तिचा आवाज चढला नव्हता, पण टाळ्या थांबल्यामुळे तो मंचापर्यंत गेला. कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या शब्दांत कारण लिहिलं. ते पूर्ण होईस्तोवर ती टेबलापासून हलली नाही.

दाराशी तिला समोरच्या मुलीच्या आईने गाठलं. एका हाताने ती गळ्यातला दोरा चाचपत होती.

"माझीसुद्धा मघाशी कोरडंच रडत होती," ती म्हणाली. "मला वाटलं, ताकद वाचवतेय." मग तिने विचारलं, "तुमची बोलते का तुमच्याशी?"

"नाही."

"माझी बोलते," ती बाई म्हणाली आणि खाली बघत राहिली.

बारा दिवस गोटी आईशी बोलली नाही. मामाने फोनवर जे म्हणायचं होतं ते सगळं म्हणून घेतलं. कोचने व्यायामशाळेत आईला पाऊल टाकू दिलं नाही. गोटी मात्र सहाव्या दिवशी सरावाला गेली, आणि जाताना सत्तावन्नच्या गटाचा अर्ज घेऊन गेली.

तेराव्या दिवशी रविवार होता. सकाळी सात वाजता आई व्यायामशाळेच्या फाटकाबाहेर स्टूल टाकून बसली. पुढ्यात पाण्याचा जार आणि चार पेले. दोन मुलींची लढत आठवड्यावर आली होती आणि त्यांच्या आयांशी तिला बोलायचं होतं. एकीने न थांबता वाट बदलली. दुसरी घुटमळली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि "आमचे सर रागावतील हो," म्हणून फाटकातच उभी राहिली. कोच दारात हाताची घडी घालून पाहत होता.

नऊ वाजता सराव सुटला. घामाने निथळणाऱ्या मुली बाहेर आल्या आणि जार पाहून थबकल्या. कुणी पुढे होईना. सगळ्यांत मागून गोटी आली. तिने आईकडे पाहिलं नाही. मुलींमधून वाट काढत ती स्टुलाशी आली, स्वतःच्या हाताने पेला भरला आणि कोचसमोर उभी राहून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

मग तिने तोच पेला पुन्हा भरला आणि आठवड्यावर लढत आलेल्या एका मुलीपुढे धरला.