चाकातली नाचणी

गाडी हलते की धाऊचे हात हलतात, एवढाच काय तो वाद होता. पण एवढ्याशा वादावर धाऊची ड्रायव्हरची सीट टांगलेली होती आणि दिवाळी तोंडावर आली होती.

गाडी तरी कसली, नुसतं धूड. नरेंद्रशेठच्या बापाने कधीकाळी लष्कराच्या लिलावातून उचललेला ट्रक. शहापूरपासून टोकावड्यापर्यंत सगळे त्याला ‘मिलट्री’च म्हणत. उभ्या माणसाच्या छातीला लागतील असे टायर, त्यांना बोटभर खोल खाचा, आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर. डोळखांबच्या वरच्या पाड्यांकडं एसटी जिथून तोंड फिरवते, तिथून पुढं मिलट्री चढायची. सकाळी पाड्यांवरची माणसं मागं भरायची, टोकावड्याच्या अलीकडं शेठच्या दगडखाणीवर सोडायची, दिवसभर दगड वाहायचे आणि दिवस कलला की तीच माणसं परत घरी. धाऊची बायको सकुबाईही त्यातलीच एक, मागं फळीला टेकून बसणारी. धाऊने ऐन जवानीत ही गाडी धरली, ती केस पिकले तरी सोडली नव्हती. मधे बाप शेठ गेला, मुलगा शेठ झाला, धाऊ आपला तिथंच.

वैशाखात पुढच्या चाकांना जुन्यावर नवं रबर बसवून रिमोल्ड केलेले टायर चढवले आणि साडेसाती सुरू झाली. रिमोल्ड करणाऱ्याने रबर कुठं जाड लावलं, कुठं पातळ, त्यालाच ठाऊक. हळू चालवली तर गाडी शहाण्यासारखी चालायची. डांबरी रस्त्याला लागून जरा वेग घेतला की पुढची चाकं थयथयाट करायची आणि स्टेअरिंग असं झटके मारायचं की खांद्यापर्यंत मुंग्या. धाऊ घरी यायचा तो अंगातलं सगळं पिळून काढल्यासारखा. जेवताना घास तोंडापर्यंत नेणंसुद्धा काम वाटायचं. सकुबाई तेल लावून खांदे चोळायची आणि तो बसल्या बसल्याच डोळे मिटायचा.

चाकं बॅलन्स करून घ्यावीत म्हणून तो कल्याणपर्यंत जाऊन आला. तिथल्या मशीनवर मोटारींची चाकं चढत. मिलट्रीचं चाक बघून दुकानदाराने हात जोडले. मग टोकावड्याच्या महादू पंक्चरवाल्याने रिमला शिशाचे तुकडे ठोकून दिले. खाणीतल्या चिखलाने ते आठवड्यात खाल्ले. पुन्हा ठोकले, पुन्हा गेले. महादू वैतागून म्हणाला की बाबा, ह्या गाडीला आता देवच बॅलन्स करील.

अशात एक दिवस शेठने बघितलं. धाऊ ताडपत्रीची गाठ सोडत होता आणि बोटं काही केल्या गाठीत शिरत नव्हती, नुसती थरथरत होती. शेठ काही वाईट माणूस नव्हता, धाऊला मामा म्हणायचा. पण मागं माणसं बसतात, उद्या काही झालं तर तोंड कुणाला दाखवायचं, ही धास्ती त्याच्या पोटात बसली. धाऊने सरळ सांगितलं की दिवसभर स्टेअरिंग हादरतंय, मग हात हलणार नायत तर काय? शेठ म्हणाला, “मामा, राग मानू नका. पण नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाय ना?” आणि मग हळूच सांगितलं की दिवाळीनंतर मुरबाडचा एक ड्रायव्हर बघितलाय. तोवर गाडी नीट झाली तर प्रश्नच मिटला.

हे धाऊला लागलं. अरे, ज्याला मांडीवर बसवून ह्याच गाडीचा भोंगा वाजवायला शिकवलं, त्याने म्हण ऐकवावी? पण करतो काय. शेठ तो शेठ. दोष गाडीचा आहे हे दाखवायचं तर गाडी आधी सरळ करायला हवी.

तोड सापडली ती ढाब्यावर. धरणाच्या कामावर डंपर चालवून आलेला एक ड्रायव्हर जेवता जेवता म्हणाला की तिकडं मोठ्या चाकांना बाहेरून वजन लावतच नाहीत. टायरच्या आतच बारीक गोळ्या ओततात. चाक जोरात फिरलं की गोळ्या आपोआप हलक्या बाजूला सरकतात आणि चाक समतोल होतं. शेजारी जेवत असलेल्या महादूने ते हसण्यावारी नेलं. धाऊने मात्र ती गोष्ट मनाशी धरली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसंच. पण बारीक, गोल, गुळगुळीत गोळ्या ह्या रानात आणायच्या कुठून? घरी आला, ओसरीवर टेकला आणि समोर कणगी दिसली. नाचणी! नाचणीच्या दाण्याहून बारीक आणि गोल आणखी काय असतं?

सकुबाईला आधी पटेचना. खायचं धान्य चाकात घालून चिखलातून फिरवायचं, म्हणजे लक्ष्मीला लाथ मारल्यासारखंच. धाऊने परोपरीने सांगितलं की ही सीट गेली तर कणगी तरी भरायची कशी. तेव्हा कुठं ती उठली. आणि मग तिने ते केलं जे ह्या मुलखातली कुठलीही शहाणी बाई करील. कणगीतली नाचणी तशीच कशी द्यायची? तिने ती निवडली, पाखडली, स्वच्छ धुतली आणि गोधडीवर वाळत घातली, दळणाची घालतात तशी. आभाळ भरलेलं होतं, ऊन लागलं न लागल्यासारखं. पण धाऊला दम कुठला? दाणे हाताला कोरडे लागले तसे पिशवीत भरून नेले. महादूने हसत हसतच दोन्ही ट्यूबना चीर दिली, नाचणी ओतली, चिरेवर रबराची ठिगळं चिकटवून दाबून बसवली आणि हवा भरली.

आणि काय सांगावं, गाडी सुधारली! चार दिवस मिलट्री अशी चालली की धाऊ गाणं गुणगुणायला लागला. सकुबाईलाही बरं वाटलं. आपल्या हाताची नाचणी माणसाच्या पोटातच नाही, गाडीच्या पोटातही गुण देते, असं ती बायांना सांगत सुटली.

पाचव्या दिवशी चाकाने दगा दिला. सरळगावच्या सरळ रस्त्याला पुढचं चाक एकाएकी उडायलाच लागलं, दणादण. मागच्या बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या, सकुबाईचं डोकं फळीवर आपटलं. धाऊने जीव खाऊन गाडी कडेला घेतली. दैवाचा खेळ बघा, समोरून मोटारसायकलवर शेठच येत होता. त्याने सगळं बघितलं. बायांची विचारपूस केली आणि निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर धाऊला सोपं गेलं असतं.

महादूने टायर काढला, ट्यूब कापली आणि नाकाला फडकं लावलं. आत आंबील झाली होती. ओल राहिलेली नाचणी टायरच्या गरमीने वाफवली, घुसळून तिचं पीठ झालं, आणि पिठाचा गोळा एका बाजूला वाळून दगड. महादू पोट धरून हसला. धाऊला हसू येईना, रडूही येईना. तो नुसता तिथल्या जुन्या टायरवर बसून राहिला. एवढा थकवा त्याला कधीच आला नव्हता. आपलंच डोकं चालेनासं झालंय का, असंही वाटून गेलं.

सकुबाईनेच पुढची वाट काढली. कपाळावरच्या टेंगळाला हळद लावून ती म्हणाली की खायचं नाय ते घाला. पाड्याच्या टोकाला मंगळू राहायचा, एके काळचा शिकारी. त्याच्याकडं ठासणीची बंदूक होती, आता गंजून आढ्याला लटकलेली. डोळे गेले तशी शिकार सुटली, पण शिशाच्या छर्‍यांची कातडी थैली त्याने जपून ठेवली होती. धाऊने अडचण सांगितली. मंगळूने थैली चाचपून बघितली, आतले छर्रे मुठीत घेतले, सोडले, पुन्हा घेतले. मग थैलीच उचलून दिली आणि म्हणाला की डुकरं आता माझ्या अंगावरून गेली तरी मला दिसायची नायत, घेऊन जा.

छर्रे मऊ शिशाचे, ट्यूब न कापणारे. पाणी लागो, गरमी लागो, त्यांचं पीठ होणार नव्हतं. महादूने ह्या वेळी हसण्याऐवजी नीट दोन सारखे वाटे केले. नव्या ट्यूब, नवी ठिगळं. खाणीच्या सुट्टीच्या दिवशी धाऊने शेठला बोलावून आणलं आणि रिकाम्या गाडीत शेजारी बसवलं.

टोकावडं मागं पडलं. धाऊने चौथा गिअर टाकला. नेहमीची थयथय सुरू व्हायची तो वेग आला आणि गेला. चाकं हूं की चूं करेनात. धाऊने आणखी दाबली. मिलट्री नुसती वाहत होती. शेठने हात लांबवून स्टेअरिंगवर टेकवला, काही क्षण तसाच ठेवला. स्टेअरिंग देवळातल्या खांबासारखं शांत होतं.

“मामा, माझं चुकलं,” शेठ म्हणाला. त्याचा आवाज खरोखर ओला झाला होता. “मुरबाडवाल्याला मी नको म्हणून कळवतो. तुमी हाय तोवर ही गाडी तुमची.”

ह्या एका वाक्यासाठी धाऊने केवढा आटापिटा केला होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण तो आपल्या हातांकडं बघत होता. स्टेअरिंग हलत नव्हतं आणि त्यावरचे हात हलत होते. त्याने पकड घट्ट केली, तरी हलत होते. सैल केली तर जास्तच हलले. शेठ खिडकीबाहेर बघत दिवाळीला धाऊला काय द्यायचं ते बोलत होता आणि धाऊ नुसता हं हं करत होता.

घरी आल्यावर सकुबाईने चहा ठेवला. धाऊने कप घेतला आणि बघितलं, कप अर्धाच होता. तिचा कप काठोकाठ भरलेला. त्याने पातेल्यात डोकावलं, चहा उरला होता.

“माझा अर्धा का गो?” त्याने विचारलं.

सकुबाई चुलीतलं लाकूड उगाच पुढं-मागं करत राहिली.

“कधीपासनं अर्धा देतेस?”

“शिमग्यापासनं,” ती म्हणाली. “भरलेला सांडायचा तुमच्या हातून. मी बोलली नाय. म्हटलं, दमणूक आसंल, जाईल.”

शिमगा. आणि टायर तर वैशाखात चढवले होते. धाऊने अर्धा चहा प्यायला, कप खाली ठेवला. मग त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. सकुबाई जवळ येऊन बसली. तालुक्याच्या डॉक्टरला दाखवू, भगताला विचारू, असं काहीबाही बोलत राहिली. शेठला कळलेलंच नाही तर सांगायचं कशाला, असंही एकदा म्हणाली. धाऊने तिच्या कपाळावरच्या टेंगळाकडं बघितलं. अजून उतरलं नव्हतं.

सकाळी त्याने दारातली मिलट्री रिकामीच खाली नेली, गाय चालेल त्या वेगाने, आणि शेठच्या दारात लावली. किल्ली ओट्यावर ठेवली. गाडी नीट झाली, आता कुणालाही द्या, म्हणाला. शेठला वाटलं मामा रुसलाय. त्याने परोपरीने समजावलं, म्हण ऐकवल्याबद्दल पुन्हा माफी मागितली, खांद्यावर हात ठेवला. धाऊला उभं राहून बोलायचंही त्राण नव्हतं. त्याने दोन्ही हात पुढं केले, तळवे खाली, आणि तसेच धरून ठेवले. शेठ त्या हातांकडं बघत राहिला. मग त्याने किल्ली उचलली.

तिकडं पाड्यांवर माणसं वाट बघत होती. त्या दिवशी गाडी शेठनेच चालवली. शेजारी बसा म्हणून त्याने दोनदा सांगितलं, पण ज्या सीटवर आयुष्य गेलं तिच्या बाजूला पाहुण्यासारखं बसायचं धाऊच्या जिवावर आलं. तो मागं चढला. पाड्यावर सकुबाई चढली आणि गुमान त्याच्याजवळ येऊन बसली. बाकीच्या भराभर चढल्या. घाईत आणि अंधुक उजेडात डोक्याला फडकं गुंडाळून कोपऱ्यात बसलेला माणूस कोण, हे कुणी बघितलं नाही.

गाडी डांबरी रस्त्याला लागली, वेग आला. मागं बसून मिलट्री कशी चालते हे धाऊला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. फळी हलत नव्हती, डबे वाजत नव्हते. पलीकडच्या बुधी म्हातारीने पाय पसरले आणि समाधानाने म्हणाली, “शेठचा हात कसा गुमान हाय गो. धाऊच्या हाती नुसती आदळायची.”

सकुबाई ताडकन तोंड उघडायला गेली. धाऊने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली. हात थरथरत होता. तिने तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि खाण येईपर्यंत सोडला नाही.