थाळीबाबाच्या थाळीचं बूड

आठवडी बाजार ओस पडला आणि माणसं आंब्याखाली लोटली. यंदा विधानसभेचं मतदान कागदावर नाही, यंत्रावर. म्हणून तालुक्याच्या बाबूने नमुन्याचं यंत्र टेबलावर मांडलं होतं. पण गर्दी ओढली थाळीबाबाने. यंत्राकडे पाठ, तोंडासमोर उभी धरलेली पितळी थाळी.

कुणीतरी बटण दाबलं. यंत्र केकाटलं, "पीं!"

"तीन नंबर!" बाबा गरजला. "मशीन बोलते, थाळी आयकते, बाबापासून काय लपते!"

तीनच होता! बायांनी हात जोडले.

रेशन दुकानवाले गुणवंतराव मिशीत हसले. त्यांचा साळा निवडणुकीला उभा होता. "पाह्यलं? मत कोणाले देलं, बाबाले समजते. मंग रॉकेलच्या लाइनीत मी पाहून घेईन."

रंभाबाईचा चेहरा उतरला. तिच्या लेकीची, रंजीताची दहावी रॉकेलच्या चिमणीवरच चालली होती. शेजारच्या कय्यूम कल्हईवाल्याला ती हळूच म्हणाली, "भाऊ, मले दुसऱ्याले द्याचं होतं. आता कसं देऊ?"

कय्यूम थाळीकडेच बघत होता. मागच्याच आठवड्यात त्याने तिला कल्हई केली होती. कल्हई आतून करतात, अन्न कळकू नये म्हणून. पण हे गिऱ्हाईक म्हणालं होतं, 'बुडाले कर, तोंड दिसलं पायजे.' तीस वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं. थाळीच्या बुडावर कोण जेवते?

तो पुढे झाला. "बाबा, थाळीले तुमचाच अंगारा लावतो. पुण्य लागन." आणि बाबा हो-नाही म्हणेपर्यंत त्याने बाबापुढची मूठभर राख उचलून बुडावर चोळली.

"रंभाबाई, दाबा."

"पीं!"

बाबाने थाळी वाकडी केली, तिरकी केली. "तीन... नाई, पाच!"

"एक!" बाबू ओरडला. आंब्याखाली हशा पिकला.

"काऊन बाबा, थाळी भैरी झाली का?" कय्यूमने विचारलं. मग तो लोकांकडे वळला. "बटन दाबलं का बाजूले लाल दिवा लागते. तो याले बुडात दिसे, आरशावानी. मतदानाले पुठ्ठ्याचा आडोसा राहते. तिथी ना बाबा, ना थाळी. मशीन देव नाई अन् भूतबी नाई. शंका आली तं बाबूले विचारा, दहा डाव विचारा. पण आपली अक्कल दुसऱ्याच्या थाळीत वाढू नका."

मतदानाच्या दिवशी गुणवंतरावांनी शाळेच्या फाटकात रंभाबाईला अडवलं. "कोणाले देलं?"

तिने शाईचं बोट नाचवलं.

"थाळीले विचारा नं, भाऊ!"