उजवीकडून डावीकडे

"थांबा काकू, हे तर उलटंच बसलंय," म्हणत कॉम्प्युटरवाल्यानं तिच्या हातातला माऊस घेतला, चार ठिकाणी टकटक केलं आणि उपकार केल्याच्या आनंदात निघून गेला. परीक्षेला पाच मिनिटं होती. कुणी सांगितलं होतं याला?

दवाखान्याच्या जन्मनोंदी टाइप करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. तीन आठवड्यांपूर्वी टेबलावर एका स्क्रीनचे दोन झाले. डावीकडे जुन्या रजिस्टरचं पान, उजवीकडे नोंदी भरायचा तक्ता. मेल्यानं जोडतानाच घोळ घातला होता. डावीकडच्या पानावर जायचं तर माऊसचा बाण उजव्या कडेबाहेर ढकलावा लागे. तिला वाटलं, असंच असतं. आठ दिवस कपाळ बडवून घेतलं, मग हाताला वळण पडलं आणि तासाला सत्तर नोंदी व्हायला लागल्या. आजच्या परीक्षेत तासात साठ झाल्या तर टेबल कायम, नाहीतर तळघरातल्या रेकॉर्डमध्ये बदली. तिथल्या धुळीत पाऊल टाकलं तरी तिचा दमा उसळायचा.

तास सुरू झाला. हात सवयीनं उजवीकडे गेला. बाण कडेलाच अडून बसला. मुद्दाम डावीकडे न्यावा, तर वाचलेली तारीख डोक्यातून जाई. या वयात पुन्हा श्रीगणेशा! पंधरा मिनिटांत जेमतेम सहा नोंदी झाल्या. तिनं उठून त्याला हाक मारली.

"पहिल्यासारखं करून द्या."

"काकू, ते चुकीचं होतं."

"असेल. ती चूक मला येते. तुमचं बरोबर मला येत नाही."

त्यानं मान खाजवत पुन्हा उलटं करून दिलं. मग तिनं मान वर केली नाही. तास संपला तेव्हा अठ्ठावन्न झाल्या होत्या.

साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. पहिली पंधरा मिनिटं कुणी खाल्ली, हे तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि बदलीच्या कागदावर सही केली. कॉम्प्युटरवाला खाली मान घालून उभा होता. त्याला चार शब्द सुनवावेत असं तिला फार वाटलं, पण जीव विटला होता.

"आता सरळ करून ठेवा," ती म्हणाली. "उद्या इथं बसणारीला सरळच शिकू दे."

त्यानं केलं. तिनं उभ्यानंच माऊस धरला, बाण डावीकडे नीट जातो ना ते एकदा बघितलं, आणि पर्स उचलून तळघराचा जिना उतरायला लागली.