टाकीतलं बाळंतपण

पॉलिशवाल्याचे दोन दात मी पाडले, तेव्हा कारखान्यात कुणालाच फारसं नवल वाटलं नाही. कपाटाचा खण सरकताना अडकत होता. तो म्हणाला, "वय झालं तुझं, मापं चुकायला लागली," आणि माझ्या हातात लाकडी हातोडा होता. हातोडा नसता तर मूठ होतीच. मी सुतार आहे, आणि राग माझ्या नाकावर असतो असं लोक म्हणतात. खरं तर तो माझ्या हातात असतो. मालकाने महिनाभर घरी बसायला सांगितलं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती रुग्णालयात वॉर्डात काम करते. फुटलेली तोंडं तिला नवी नाहीत, आणि त्यातलं एक तिचं स्वतःचं होतं, माझ्याच हातून फुटलेलं. ती म्हणाली, "आता घरात पुन्हा कुणावर हात पडला, तर मी पोरीला घेऊन निघेन. भांडणार नाही, सांगणारही नाही." ती उगाच बोलणारी बाई नाही. त्या दिवसापासून मला एकच भीती होती, की बारकी जाईल.

बारकी म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं बारा. बोलणं आईसारखं, मोजून मापून. तिच्या खोलीत माशांची चार फुटी टाकी आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि एक चपटा, रुबाबदार एंजल, सगळे एकाच पाण्यात. त्याच पाण्यात तिला नारिंगी प्लॅटीची पिल्लं वाढवायची होती. प्लॅटी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं सोडते. आणि सोडलेलं पिल्लू टाकीतलं कुणीही गिळतं.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी तिच्या टाकीपुढे बसायला लागलो.

"तीन माद्यांमागे नर एकच ठेवायचा," ती मला शिकवायची. "नर जास्त झाले की एकीच्याच मागे लागतात. दमवून मारतात तिला."

"मग पोटुशी आहे तिला वेगळी काढ ना. मी झकास पेटी करून देतो, फटी ठेवून."

"नको बाबा. हलवलं की ती घाबरते. घाबरली की कच्चीच पिल्लं टाकते."

तिची तऱ्हा वेगळी होती. टाकीचा एक कोपरा तिने पाणवनस्पतींनी इतका गच्च भरला होता की त्यात मोठा मासा शिरूच शकत नव्हता. वर तरंगणारं शेवाळ, खाली जाड खडे. शिवाय सगळ्यांना दिवसातून तीनदा थोडं थोडं खाणं. "पोट भरलेलं असलं की ते पिल्लांच्या मागे कमी लागतात. विसातली चार जगली तरी पुष्कळ."

"आणि बाकीची सोळा?"

"ती खाल्ली जातात."

पाढा म्हणावा तसं म्हणाली. मला तिचा राग आला, माशांचा राग आला, आणि ते कुणालाही वावगं वाटत नाही याचा तर फारच आला. बळी तो कान पिळी हे मी जन्मभर बघत आलोय. पण माझ्या पोरीने ते इतक्या थंडपणे धरून चालावं, हे मला सोसत नव्हतं.

शनिवारी तिची सकाळची शाळा होती आणि बायको कामावर गेली होती. मी खुर्ची ओढून बसलो, तर प्लॅटी कोपऱ्यात एका जागी थरथरत होती. पोट खालून चौकोनी झालेलं. बघता बघता तिच्यातून एक वळलेला ठिपका निसटला, खाली घरंगळला, सरळ झाला आणि शेवाळाकडे सुटला. दोन डोळे आणि शेपटी, बाकी काही नाही. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. मग दुसरं आलं, मग तिसरं.

तिसऱ्याला एंजलने गिळलं. घाई न करता, नुसतं तोंड उघडून. चौथंही गिळलं. पुढची तीन शेवाळात शिरली. मी काचेवर थाप मारली. पाणी हादरलं, सगळे मासे उधळले, आणि शेवाळात दडलेल्यांतली दोन पिल्लं घाबरून उघड्यावर आली. मॉलीने एक टिपलं, एंजलने दुसरं. मी पुन्हा थाप मारली. तेवढ्यात प्लॅटीला आणखी एक पिल्लू झालं, आणि ती वळली आणि तिने स्वतःच ते खाल्लं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. एंजल दोनदा निसटला, तिसऱ्यांदा काचेवर दाबून धरला आणि फरशीवर आपटला. तो उडाला. मी पुन्हा उचलून आपटला आणि वर पाय दिला. मग प्लॅटीला धरली. तिच्या पोटात अजून पिल्लं होती हे मला ठाऊक होतं, तरी मूठ आवळली. "खा आता," मी म्हणालो. माशाला म्हणालो. बोटांमधून काय बाहेर आलं ते मी सांगत नाही.

आता उरलेली पिल्लं वाचवायची होती. हो, मला खरंच तसं वाटत होतं. त्यांना शोधायला मी वनस्पती मुळासकट उपसायला लागलो, झुबकेच्या झुबके फरशीवर फेकले. खडे उडाले, पाणी गढूळ झालं, हीटर काचेवर आदळून फुटला.

"बाबा, सोडा. पिल्लं त्यातच आहेत."

बारकी कधी आली ते कळलं नाही. तिने मागून माझा दंड धरला. मी वळूनही बघितलं नाही, कोपर मागे फेकलं. माझा फटका काय असतो ते पॉलिशवाल्याला विचारा. ती टाकीच्या स्टँडवर आदळली. ते स्टँड मी केलेलं. गिऱ्हाईकांच्या घरी मी प्रत्येक कोपरा घासून गोल करतो, आणि घरचं म्हणून हा तसाच सोडला होता. तिची भुवई उघडली, आणि अर्धा चेहरा एकदम लाल झाला.

मी तिच्याकडे पाऊल उचललं.

"हलू नका," ती म्हणाली. "पायाखाली येतील."

ती रडली नाही. आधी तिने हात वाळवून पंपाचा आणि हीटरचा प्लग काढला. मग डब्याच्या झाकणात पाणी घेऊन ती फरशीवर पसरलेल्या ओल्या झुबक्यांमध्ये एकेक पान उलटत बसली. भुवईतून रक्त पानांवर पडत होतं, ते ती मनगटाने पुसत होती. मी एका पायावर भार देऊन तसाच उभा. तीन पिल्लं सापडली. ती तिने टाकीत सोडली, आणि मग आईला फोन केला.

दोन टाके पडले. संध्याकाळी बायकोने बॅग भरून दारात ठेवली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. पण बारकी हलेना.

"टाकी नेता येत नाही. आणि नेली तर ही तिन्ही मरतील. मी येणार नाही."

बायकोने दंड धरून ओढलं, तर पोरीने स्टँडला मिठी मारली. सुटकेचा सुस्कारा माझ्या तोंडून निघाला, तो बायकोने ऐकला.

"मी जातो," मी म्हणालो. "तुम्ही राहा."

"जाल," बायको म्हणाली, "आणि चार दिवसांनी दारात येऊन रडाल. मी दार उघडीन. मी मला ओळखते." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "माझ्या दाराचं जाऊ दे. तिचं दार तरी तिच्या हातात असू दे. आतून कडी लावून द्या. आत्ता. मग जा."

मी हत्यारांची पिशवी आणली. घरात पितळी कडी पडलेली होती, गिऱ्हाईकाची उरलेली. चौकटीत पटाशीने खाच पाडली. बारकी हातभर अंतरावर उभी राहून तळहातावर स्क्रू धरत होती.

"लांबवाले लावा," ती म्हणाली.

मी लांबवाले काढले. आयुष्यात इतकं नेटकं काम मी कुणाचं केलं नव्हतं. स्क्रू पिळता पिळता कळत होतं, की प्रत्येक आटा माझ्याविरुद्ध बसतोय, आणि हात तरीही ढिला सोडवत नव्हता.

ती आत गेली, दार लावलं, कडी सरकवली.

"ढकला," ती आतून म्हणाली.

मी तळहाताने ढकललं.

"असं नाही. रागात ढकलता तसं."

मी खांदा लावला. दोन पावलं मागे जाऊन पुन्हा लावला, सगळ्या अंगानिशी. चौकट करकरली. कडी बसल्या जागी राहिली.

"अजून एकदा," बारकी म्हणाली.

मी अजून एकदा ढकललं. दार उघडलं नाही. मग मी पिशवी उचलली.