विसामागे एक

फुटलेल्या टायरचे तुकडे अकरा होते. सगळ्यात मोठा हातभर लांब, सगळ्यात लहान तळहाताएवढा. संजीवनीने ते अंगणात पोत्यावर ओळीने मांडले. सात तुकड्यांवरची नक्षी शाबूत होती. तिने पट्टीने खोली मोजली, कुठेही नऊ मिलिमीटरच्या खाली नव्हती. खिळ्याचं भोक नाही, काचेचा काप नाही. उरलेल्या चार तुकड्यांत मात्र आतले दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटले होते आणि मधलं रबर निळसर काळं पडलं होतं.

"गरम होऊन फुटलाय," ती म्हणाली.

"ते मला तवाच कळलं हुतं," तिचा धाकटा भाऊ मल्हार पिकअपच्या हौद्यात बसून चहा पीत होता. "फुटायच्या आधी वास आला हुता. त्याला बी.एस्सी. व्हायला लागत न्हाय, ताई."

त्याच्या डाव्या भुवईवर दोन टाके होते. दिवाळीच्या आदल्या रविवारी पळसदेवच्या पुढे मागचं डावं चाक फुटलं, पेरूंनी भरलेली गाडी रस्ता सोडून बाभळीत शिरली. दोन टाक्यांवर भागलं, असं कन्हेरी गावातली सगळी माणसं येऊन सांगून गेली. टायर कुणी निवडला होता, हे मात्र एकानेही काढलं नाही. घरातही नाही. कुणी काढलं असतं तर संजीवनीला बरं वाटलं असतं.

टायर तिने निवडला होता. जूनमध्ये मागची जोडी बदलायची वेळ आली, तेव्हा आबाजी, म्हणजे वडील, म्हणाले होते, "संजीला इचारा. ती कालेजात पोरांला भार अन् दाब शिकवती." ती बारामतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. तिने आनंदाने वहीचं एक पान भरून गणित केलं आणि बोट ठेवून टायर सांगितला. तो पाच महिन्यांत फुटला. ते पान तिने त्यानंतर चौदा वेळा तपासलं होतं. चूक सापडत नव्हती, आणि म्हणूनच तिला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. चूक सापडली असती तर दुरुस्त तरी करता आली असती.

आता डाव्या बाजूला जुनी स्टेपनी होती, आणि उजव्या बाजूला त्याच जोडीतला दुसरा टायर. दोन्ही बदलायचे होते.

सोपानतात्यांचं टायरचं दुकान बारामतीत भिगवण रस्त्याला. त्यांनी दोन टायर गडगडत आणून तिच्यापुढे उभे केले.

"ह्यो आठ प्लायचा, मागच्या बारीला न्हेलेला त्योच. ह्यो दहा प्लायचा. आत दोऱ्याचे थर जास्ती, टायर ताठ. दहाचा घ्या अन् निवांत ऱ्हावा."

"ताठ म्हंजे किती ताठ ते मला इचारा तात्या," मल्हार म्हणाला. "मेव्हण्याच्या गाडीला हायत. धोंड्यावर बसून पुण्याला गेल्यागत होतं. पेरू पार दबत्यात. बागवाला अप्पा म्हणलाय, दबका माल गेला तर दुसरी गाडी बघतो."

"मग आठचा घे."

"आठचा फुटला की."

"कंपनीचा तक्ता काय खोटा न्हाय. चूक भरणाऱ्याची असती."

"आमी भरतो तेवढंच भरतो. तीन विसा क्रेट. आबा सोता उभं राहून मोजत्यात."

संजीवनीने तक्ता मागून घेतला. तेलकट कागद, पण आकडे स्पष्ट होते. आठ प्लाय, पूर्ण हवा, एका चाकाला नऊशे पंचवीस किलो. दहा प्लाय, एक हजार पन्नास. तिने वही उघडली. साठ क्रेट, पेरूसकट एक क्रेट चोवीस किलो, एकूण चौदाशे चाळीस. त्यातला शंभरात पंच्याऐंशी भार मागच्या एक्सलवर. रिकाम्या गाडीचा मागचा भार सहाशे. बेरीज करून दोन चाकांत वाटली की नऊशे बारा. नऊशे बारा हे नऊशे पंचवीसपेक्षा कमीच होते. जूनमध्येही कमीच होते.

"सांगा ताई," सोपानतात्या हात पुसत म्हणाले. "गिऱ्हाईक ताटकळलंय."

"दहा प्लाय घेऊन टाकू," मल्हार हळूच म्हणाला. "अप्पाचं बघू काय ते."

"का घ्यायचा?"

"का म्हंजे? फुटला म्हणून."

"का फुटला ते कुठं कळलंय? हिशेब बरोबर असून फुटत असंल, तर दहाचापण फुटंल. त्याचापण हिशेब ह्याच कागदावर हाय."

सोपानतात्यांनी मल्हारकडे पाहिलं. मल्हारने खांदे उडवले.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "आजची खेप मी बघते आधी."

कॉलेजला सुट्टीच होती. पुढे तिघं बसली, मल्हार, ती आणि मध्ये आबाजी, मांडीवर काठी आडवी घेऊन. गाडीचा वेगाचा काटा कधीचाच बंद होता, त्यामुळे ती किलोमीटरचे दगड आणि मनगटावरचं घड्याळ बघत राहिली. इंदापूरपर्यंत रिकामी गाडी एक किलोमीटर सत्तर सेकंदांत तोडत होती. दर दोन दगडांनंतर ती खिडकीतून वाकून मागच्या चाकाकडे बघे.

"पडशील," आबाजी म्हणाले. "चाक हाय तितंच हाय."

अप्पांची बाग नरसिंहपूरच्या अलीकडे, नीरेच्या काठावर. भरलेले क्रेट बांधावर तयार होते. दोन गडी उचलून देऊ लागले, मल्हार वर लावू लागला आणि आबाजी गाडीच्या मागे काठी टेकून मोजायला उभे राहिले. मेंढरं होती तेव्हा वाड्याच्या तोंडाशी उभे राहत, अगदी तसेच. वीस झाले की काठीने जमिनीवर एक रेघ. बोलत नव्हते, फक्त ओठ हलत होते.

संजीवनी पलीकडे उभी राहून वहीत एकेक उभी रेष मारत होती. त्यांची पहिली रेघ पडली तेव्हा तिच्याकडे एकवीस होते. तिला वाटलं, आपली एक रेष जास्त पडली. दुसरी रेघ पडली तेव्हा बेचाळीस. तिसरी रेघ ओढून आबाजी वळले.

"तीन विसा झालं रं. दोर आवळ."

"आबा, त्रेसष्ट हायत."

"तीन विसा."

"मी एकेक मोजलाय."

"मोजला असशील. म्या बी मोजल्यात. तीन विसा हायत."

"त्रेसष्टच हायत की," अप्पा बांधावरून म्हणाले. त्यांच्या हातात छोटी वही होती. "माझ्या वहीत दर खेपंला त्रेसष्टच असत्यात. यापाऱ्याच्या चिठ्ठीत पण."

"मग मला का न्हाय सांगितलं, अप्पा?" मल्हार वरून म्हणाला.

"तू कवा इचारलंस? मला वाटलं, तुमचा विसा मोठा असतुय."

गडी हसले. आबाजी हसले नाहीत. ते संजीवनीकडे बघत होते, आणि संजीवनी त्यांच्या तीन रेघांकडे.

तिला आठवलं. सातवीत होती तेव्हा कळप विकला. त्याआधी रोज संध्याकाळी आबाजी मेंढरं मोजायचे आणि दर विसानंतर एक मेंढरू मान वळवून, न बघितल्यासारखं आत सोडायचे आणि मगच रेघ ओढायचे. ते बिरोबा देवाचं. भरला आकडा तोंडाने काढायचा नाही. एका साली जनावरांची गणती करायला सरकारी माणूस आला, त्याला त्यांनी कळप पुरा मोजून दिला, आणि त्याच पावसाळ्यात रोगाने दोन विसा मेंढरं गेली. हे तिला ठाऊक होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते मेंढरांचं, असं ती धरून चालली होती. वहीत साठ लिहिताना तिने ना क्रेट मोजले, ना विचारलं.

"विसामागे एक सोडला तुमी," ती म्हणाली.

"सोडायचाच असतुय."

"पण त्यो गाडीत हाय ना, आबा."

"हाय की."

"मेंढरू मोजलं न्हाय तरी चरायचं ना?"

आबाजींनी वर रचलेल्या क्रेटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चरायचं. लई चरायचं."

ती बांधावर बसली आणि गणित पुन्हा मांडलं. त्रेसष्ट गुणिले चोवीस, पंधराशे बारा. मागच्या एका चाकावर नऊशे बेचाळीस. टायर नऊशे पंचविसाचा. सतरा किलो जास्त, तेही हवा पूर्ण असेल तर, रस्ता सपाट असेल तर, ऊन नसेल तर. आठवड्याला दोन खेपा, पाच महिने. तिने पान मल्हारपुढे धरलं. त्याने आकडे वाचले नाहीत. खालच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "म्हंजे माझी चूक नव्हती?"

"तुझी?"

"मला वाटत हुतं, मी ब्रेक दाबला म्हणून गाडी बाभळीत गेली. टायर चांगला हुता, ताईनं बघून दिला हुता." त्याने भुवई खाजवली. "म्हणून तितं आलं की गाडी हळू घेतो."

त्या दिवशी अठरा क्रेट खाली उतरवले. अप्पा कुरकुरले, पण उतरवू दिले. पंचेचाळीस क्रेट घेऊन गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली. आबाजी इंदापुरात उतरून एसटीने घरी गेले. संजीवनी भिगवणपर्यंत बसली. पळसदेवच्या पुढे ती मोडकी बाभूळ दिसली तसा मल्हारने गाडीचा वेग उतरवला. मागून ट्रक हॉर्न मारू लागले. बाभळीच्या अलीकडच्या दगडापासून पलीकडच्या दगडापर्यंत, एका किलोमीटरला, रिकाम्या गाडीच्या सत्तर सेकंदांच्या जागी एक मिनिट त्रेपन्न सेकंद लागले. तिने ते वहीत लिहिलं आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सोपानतात्यांकडून दहा प्लायची जोडी घेतली. "आता का?" त्यांनी विचारलं. "काल तर म्हणत हुता, का घ्यायचा."

"काल भार ठाऊक नव्हता," ती म्हणाली.

गुरुवारी पुन्हा खेप होती. टायर ताठ म्हणून मल्हारने हौद्यात उसाच्या पाचटाचा वीतभर थर दिला, क्रेटांच्या मध्येही पाचट कोंबलं. अप्पांनी दोनदा हात घालून बघितला आणि मान हलवली. क्रेट चढू लागले तेव्हा आबाजी काठी घेऊन गाडीमागे आले, क्षणभर थांबले, मग बाजूच्या लिंबाखाली जाऊन पाठ करून बसले.

"तू मोज," ते म्हणाले. "मोठ्यानं न्हाय. मला ऐकू यायला नगं."

तिने मनातल्या मनात त्रेसष्ट मोजले.

इंदापूरच्या वजनकाट्यावर तिने गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर घ्यायला लावली. काट्यावरचा माणूस म्हणाला, असं अर्धं वजन कुणी मागत नाही. पण चिठ्ठी दिली. अठराशे नव्वद. एका चाकावर नऊशे पंचेचाळीस. मल्हारने चिठ्ठी हातात घेतली, या वेळी वाचली.

"अन् टायर कितीचा?"

"हजार पन्नासचा."

"ह्यात बिरोबाचं धरलंय?"

"धरलंय."

त्याने चिठ्ठी आरशाच्या मागे खोचली आणि गिअर टाकला. गाडी धडधडत होती, खरंच धोंड्यावर बसल्यासारखी. पळसदेव मागे पडलं. संजीवनीने खिडकीतून मागच्या चाकाकडे बघायचं ठरवलं होतं, पण ती घड्याळाकडे बघत राहिली. अलीकडचा दगड आला. मग बाभूळ. मग पलीकडचा दगड.

एक मिनिट तेरा सेकंद.